मोरांदीच्या बाटल्या सगळ्या सारख्याच का दिसतात, आणि बोलोन्याला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मिलानला नोकरीनिमित्त राहता. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तिथल्या पलात्सो रेआलेमध्ये इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं, ते तुम्ही पाहिलंत. एकशेवीसच्या आसपास कामं होती आणि तुम्ही पाऊण तासात बाहेर पडलात. सोबतची मैत्रीण एका चित्रापुढून हलायला तयार नव्हती. तुम्हाला मात्र बाटल्या, डबे आणि पुन्हा बाटल्याच दिसल्या. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात, म्हणजे चित्राशी अगदीच ओळख नाही असंही नाही. मग यात बघायचं तरी काय, आणि आता बोलोन्याला त्याचं म्युझियम आणि घर बघायला मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का?

मी स्थिरचित्रं रंगवते, आणि कला महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना स्टिल लाइफ शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हे उत्तर इतिहासकाराचं नाही, मांडणी लावणाऱ्या आणि ती रंगवणाऱ्या माणसाचं आहे. आणखी एक आधीच सांगते. काही लोकांना मोरांदी शेवटपर्यंत आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शिवाय प्रदर्शनात गर्दी किती होती, दिवे कसे होते, तुम्ही दमून गेला होतात की ताजेतवाने, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी वाचून मला वाटतं, तुमची अडचण आवडीनिवडीच्या आधीची आहे. एक, तुम्ही एकशेवीस चित्रं पाऊण तासात पाहिलीत. दुसरी, तुमचा डोळा इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रावर तयार झालाय.

दुसरीपासून सुरुवात करते, कारण ती आपल्याकडच्या पुष्कळांना लागू आहे.

परीक्षेची मांडणी आठवा. मागे घडी पडलेलं कापड, एक तांब्या किंवा काचेची बाटली, एखादं वांगं, दोन कांदे, पुढे वाटी. गुण कशाला मिळायचे? स्टीलच्या तांब्यावरची चकाकी जमली, काच काचेसारखी दिसली, वांग्याची जांभळी चमक आली, कापडाच्या चुण्या पडल्या, की निरीक्षक खूश. वस्तू कशाची बनलीय ते हुबेहूब सांगणं, हे त्या परीक्षेचं स्थिरचित्र. ते शिकवायलाच हवं, मीही शिकवते. पण तो डोळा घेऊन मोरांदीसमोर उभं राहिलं तर चित्रात काही केलेलंच नाही असं वाटणार. कारण त्या परीक्षेत ज्याला गुण मिळतात, नेमकं तेच त्याने मुद्दाम काढून टाकलंय.

मुद्दाम म्हणजे अक्षरशः हाताने. बाटल्यांवरची लेबलं तो काढून टाकायचा. काचेच्या काही बाटल्यांच्या आत रंग ओतून त्या अपारदर्शक करायचा, काही वस्तूंना बाहेरून बिनचमकीचा रंग फासायचा. म्हणजे रंगवायला बसण्याआधीच काच काच राहिलेली नसायची आणि पत्रा पत्रा राहिलेला नसायचा. वर धूळ बसू द्यायची, ती झटकायची नाही. धुळीने उरलीसुरली चकाकीही जाते. त्याच्या खोलीत गेलेल्या पाहुण्यांनी या धुळीबद्दल कौतुकाने लिहून ठेवलंय, पण रंगवणाऱ्याच्या दृष्टीने तिचा उपयोग अगदी साधा आहे. हायलाइट, म्हणजे वस्तूवर चकाकणारा उजेडाचा बिंदू, हा चित्रातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा ठिपका असतो. तो असला की डोळा तिथे जाऊन बसतो आणि आजूबाजूचं बारीकसारीक काही दिसत नाही. मोरांदीला ते बारीकसारीकच रंगवायचं होतं.

मग उरलं काय? उरल्या कडा. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींजवळ येतात तेव्हा काय होतं, हा मोरांदीचा खरा विषय, असं मी इतक्या वर्षांनंतर ठामपणे म्हणेन. इथे जरा थांबते, कारण उत्तराचा गाभा हाच आहे.

टेबलावर एक बाटली आणि तिच्या मागे एक चौकोनी डबा ठेवा. बसल्या जागेवरून पाहिलं तर तीनच शक्यता असतात. एक, बाटली डब्याचा काही भाग झाकते. मग पुढचं कोण, मागचं कोण हे लगेच कळतं. दोन, दोघांमध्ये फट असते. मग त्या दोन सुट्या वस्तू आहेत हेही कळतं. तिसरी शक्यता म्हणजे बाटलीची कड आणि डब्याची कड बरोबर एका रेषेत येते, ना झाकणं ना फट. वर्गात हे तिसरं आम्ही करू देत नाही. “कडेला कड लावू नको, वस्तू चिकटल्यासारखी दिसते, चित्राची खोली मरते,” हे वाक्य मी किती मुलांना म्हटलं असेल याची गणती नाही. सल्ला बरोबरच आहे, कारण नवशिक्याच्या चित्रात अशी कड चुकून येते आणि चित्र सपाट पडतं.

मोरांदी नेमकं हेच करतो, पुन्हा पुन्हा, आणि जाणूनबुजून. विशेषतः १९५० च्या दशकातली चित्रं पाहा. वस्तू मध्यभागी एकमेकींना खेटून ठेवलेल्या असतात, सगळ्या मिळून जवळपास एक आयत होतो. पुढच्या पेटीची वरची कड मागच्या बाटलीच्या खांद्याशी अचूक जुळते. टेबलाची मागची रेषा एखाद्या डब्याच्या माथ्याला टेकूनच पुढे जाते. क्षणभर मागची वस्तू पुढे येते, पुढची मागे जाते, आणि सगळा गठ्ठा भिंतीसारखा सपाट होतो. मग एखादी सावली किंवा एखादा किंचित उबदार करडा त्याला पुन्हा गोलाई देतो. डोळ्यासमोर चित्र असं आत-बाहेर होत राहतं. हे दिसायला वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात ते दिसतच नाही, आणि तुमच्या हिशेबाने एका चित्राच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ आलाय.

ही जुळणी आपोआप होत नाही, ती करावी लागते. बोलोन्यातल्या त्याच्या खोलीत वेगवेगळ्या उंचीची टेबलं होती, म्हणजे वस्तू डोळ्याच्या पातळीला ठेवायच्या की वरून बघायच्या हे ठरवता यायचं. टेबलावर कागद पसरलेला असे आणि त्यावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ ओढलेली. एकावर एक चढलेल्या अशा रेघांचं जाळंच झालेले ते कागद जपून ठेवले आहेत. ते बघताना माझ्यासारखीला भरून येतं, कारण तो आमच्या धंद्यातला कागद आहे. मुलं जेवायला गेली आणि झाडूवाल्याने टेबल हलवलं की मांडणीचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून आम्हीही खडूने खुणा करतो. पण आम्ही मांडणी परत जागेवर यावी म्हणून खुणा करतो, आणि त्याच्या खुणा बोटभर सरकवून काय होतं ते बघण्याच्या आहेत. मांडणीवर तो दिवसच्या दिवस घालवायचा. पुढे कॅनव्हासवर रंग चढवायचं काम त्या मानाने लवकर उरकायचं. म्हणजे चित्रातले निम्म्याहून जास्त निर्णय ब्रश उचलण्याआधीच झालेले असायचे.

घरी करून पाहा, मिलानच्या तुमच्या स्वयंपाकघरात. तेलाची बाटली, चहाचा डबा आणि एक कप घ्या. टेबलाशी बसा, एक डोळा झाका, डोकं हलवू नका. कप बोटाने अगदी हळू सरकवा, त्याची कड डब्याच्या कडेला भिडेपर्यंत. जिथे भिडते तिथे काहीतरी ताठ होतं, हे तुम्हाला जाणवेल. आणखी जरासा सरकवला की सुटतं. एस.टी.च्या बाकावर तिघं बसलेले असताना चौथा टेकला की आधीच्या तिघांनाही आपापली जागा नव्याने घ्यावी लागते, तसं एक वस्तू हलली की उरलेल्यांचा अर्थ बदलतो. हे एकदा हाताने केलंत की मोरांदीच्या एकाच सालातल्या दोन “सारख्या” चित्रांसमोर उभं राहिल्यावर तुम्ही बाटल्या मोजणार नाही. पन्हळीदार पांढरी बाटली या चित्रात कुणाला चिकटलीय आणि त्या चित्रात कुणापासून सुटलीय, हे शोधू लागाल.

आता मागे ठेवलेली पहिली गोष्ट, पाऊण तासात पाहिलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनाची.

या प्रकारच्या प्रदर्शनाचा एक ठरलेला घाट असतो: सुरुवात, प्रभाव, वळण, प्रौढावस्था, अखेर. ज्या चित्रकाराच्या आयुष्यात मोठी वळणं आहेत त्याला तो घाट शोभतो. मोरांदीचा जन्म बोलोन्याचा, १८९० चा. मृत्यूही तिथलाच, १९६४ चा. वडील १९०९ मध्ये गेले. पुढे आई आणि तीन बहिणींबरोबर व्हिया फोंदात्सा या रस्त्यावर आयुष्यभर मुक्काम. खोलीतच निजायचं आणि तिथेच रंगवायचं. उन्हाळ्यात आपेन्निनी डोंगरातलं ग्रित्साना गाव. आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकलं ते १९५६ साली, स्वित्झर्लंडला, म्हणजे पासष्टी उलटल्यावर.

यावरून त्याची एक संन्याशासारखी प्रतिमा तयार झालीय आणि भिंतीवरचे माहितीफलक ती आणखी गडद करतात. मला ती फारशी पटत नाही. तरुणपणी त्याने भविष्यवाद्यांबरोबर, म्हणजे वेग आणि यंत्रांचं गुणगान करणाऱ्या इटालियन चित्रकारांबरोबर, चित्रं लावली. ‘व्हालोरी प्लास्तिची’ या नियतकालिकाच्या गटातून त्याची चित्रं इटलीबाहेरही गेली. फॅसिस्ट राजवटीतल्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनांमध्ये त्याचं काम लागत होतं, आणि १९४३ मध्ये त्याच राजवटीच्या विरोधकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याला काही दिवस तुरुंगातही काढावे लागले. १९३० पासून १९५६ पर्यंत तो बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापायच्या चित्रांचा, प्राध्यापक होता. १९४८ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, इटालियन चित्रकारांमधलं चित्रकलेचं पहिलं पारितोषिक त्याला मिळालं, १९५७ मध्ये साओ पाउलोच्या बिएनालेचं मोठं पारितोषिक मिळालं. जगात काय चाललंय याची पक्की खबर असलेला हा माणूस होता. टेबलावर मात्र त्याने तेवढंच ठेवलं जेवढं त्याला हवं होतं.

तेव्हा प्रदर्शनाच्या क्रमाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या दालनात फ्रेंच चित्रकार सेझानची छाया दिसते, १९१४ च्या सुमाराला घनवाद (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी शैली) आणि भविष्यवाद डोकावतात. मग १९१८-१९ ची ती मोजकी, गुळगुळीत, थंड चित्रं येतात: चेंडू, पेटी, शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याचं डोकं, आणि कापल्यासारख्या सावल्या. हा कार्लो कार्रा आणि जॉर्जो दे किरिको यांच्या ‘मेटाफिजिकल’ चित्रकलेचा काळ. लोक इथे हमखास थांबतात कारण इथे काहीतरी गूढ आहे हे लगेच कळतं. माझा अनुभव असा की या दालनात खर्च केलेली उत्सुकता पुढे पुरत नाही. पुढे १९२० च्या दशकाचा मातकट रंग, १९३० च्या दशकातला जाडसर, जरा अंधारा थर, युद्धकाळातले ग्रित्सानाचे डोंगर आणि घरांच्या कोऱ्या भिंती, मग १९५० च्या दशकातले ते खेटलेले गठ्ठे, आणि अखेरच्या वर्षांत कडा विरघळायला लागलेल्या वस्तू. हा बदल खरा आहे. पण तो भरतीच्या पाण्यासारखा हळूहळू चढतो, आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत जाणाऱ्याला तो जाणवेलच असं नाही.

मी २००८ साली न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भरलेलं त्याचं सिंहावलोकन पाहिलं होतं. सप्टेंबर ते डिसेंबर चाललं, शंभराच्या वर कामं होती. तुम्ही मिलानला पाहिलंत त्याची आखणी करणाऱ्या मारिया क्रिस्तिना बांदेरा त्याही प्रदर्शनाच्या दोन नियोजकांपैकी एक होत्या. तिथे मी माझी नेहमीची पद्धत वापरली: एकदा न थांबता शेवटपर्यंत चालत जायचं, मनात तीन-चार जागा धरायच्या, आणि उरलेला सगळा वेळ फक्त तिथे द्यायचा. बाकीची चित्रं सोडून द्यायची, वाईट वाटून घ्यायचं नाही. तिकिटाचे पैसे वसूल करायला प्रत्येक चित्रासमोर हजेरी लावणं ही मोठ्या प्रदर्शनांत आपण सगळेच करतो ती गोष्ट, आणि मोरांदीच्या बाबतीत ती सगळ्यात महागात पडते. त्याची दोन चित्रं खूप काही सांगतात, वीस चित्रं सलग पाहिली की ती एकमेकांना पुसून टाकतात.

कोणत्या जागा धरायच्या, हे माझ्या दृष्टीने असं.

सगळ्यात आधी एचिंग. बहुतेक लोक ती दालनं भराभर ओलांडतात कारण तिथे रंग नाही, उजेडही मंद ठेवलेला असतो. मी मुलांना उलट सांगते. आयुष्यभरात त्याने एचिंग्ज केली ती साधारण एकशेतीस, आणि बरीचशी १९२० आणि १९३० च्या दशकांतली. जुनी पुस्तकं वाचून आणि रेम्ब्रांटची छापचित्रं अभ्यासून तो हे शिकला. जवळ जाऊन बघा: वस्तूभोवती बाह्यरेषा शोधून सापडत नाही. आहेत त्या फक्त आडव्या, उभ्या, तिरक्या रेघांच्या जाळ्या. एक जाळी दाट, शेजारची विरळ, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे आपल्याला बाटलीची कड “दिसते”. ती कुणी काढलेलीच नसते. उजेड म्हणजे रेघा न मारता सोडलेला कागद. प्लेटवर मेणाचा थर, त्यावर सुईची रेघ, मग आम्लात बुडवणं. एकदा पत्र्यात खोल गेलेली रेघ पुसायची सोय जवळजवळ नसते. त्यामुळे कुठे किती दाट करायचं याचा विचार आधी पक्का असावा लागतो. मी वर कडांबद्दल जे सांगितलं ते इथे रंगाच्या मदतीशिवाय, अगदी उघड्यावर दिसतं. एचिंग पाहून मग तैलचित्राकडे गेलात तर तैलचित्रातही तीच जाळी शोधू लागाल, आणि ती सापडेल: वस्तूचा रंग आणि मागच्या भिंतीचा रंग यांत इतका कमी फरक असतो की कड ही रेष राहत नाही, दोन करड्यांमधली कुरबुर होते.

यासाठीच फोनवर, पोस्टरवर, कॅटलॉगमध्ये मोरांदी कळत नाही. छपाईत आणि पडद्यावर फरक ताणले जातात. गुलाबी जास्त गुलाबी होतो, सावली काळी पडते, आणि त्याने जीव टाकून सांभाळलेला तो कमीत कमी फरक निघून जातो. तुम्ही लिहिलंय की जाण्याआधी नेटवर सगळं पाहून गेला होतात. तर एक प्रकारे तुम्ही दुसऱ्याच चित्रकाराची तयारी करून गेलात.

दुसरी जागा म्हणजे एकाच सालातली शेजारी लावलेली जोडी. चांगल्या प्रदर्शनात अशा जोड्या मुद्दाम लावतात. आळीपाळीने बघू नका. आधी एकासमोर पुरेसा वेळ थांबा, मग दुसऱ्याकडे जा आणि काय हललंय ते आठवणीने शोधा. चित्रं लहान असतात, बरीचशी तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या आसपासची, म्हणून आधी दोन पावलं मागून, डोळे बारीक करून गठ्ठ्याचा एकूण आकार बघा. मग जवळ जाऊन ब्रशची दिशा बघा. मागची भिंत रंगवताना ब्रश वस्तूच्या कडेपर्यंत येतो आणि ती कड जराशी कुरतडतो; पुढे वस्तूचा रंग पुन्हा बाहेर सरकतो. सीमेवरची ही ओढाताण ओल्या रंगातच झालेली असते. सावलीही बघा. तिचा आकार वस्तूइतकाच पक्का असतो, आणि कधीकधी ती सावली कसली आणि वस्तू कसली हे ठरवता येत नाही.

तिसरी जागा अखेरच्या वर्षांतली जलरंगचित्रं. इथे तो बाटली रंगवतच नाही, बाटलीभोवतीची सावली रंगवतो आणि बाटली म्हणजे कोरा कागद. आम्ही वर्गात निगेटिव्ह स्पेसचे, म्हणजे वस्तूंभोवतीच्या रिकाम्या जागेचे, धडे देतो, मुलं कंटाळतात. मग मी ही चित्रं दाखवते. जो माणूस चाळीस वर्षं कडेला कड भिडवत आला, त्याला शेवटी वस्तू काढायची गरजच उरली नाही. १९१८ चं ते कडक सावल्यांचं चित्र आणि १९६० नंतरचं हे जलरंग एका दिवशी पाहता येणं, यासाठी मात्र सिंहावलोकनी प्रदर्शनासारखं दुसरं काही नाही, हे मान्य करायलाच हवं.

तुम्ही असंही विचारलंय की हे सगळं समीक्षकांनी मोठं करून ठेवलेलं नाव तर नाही ना. रोबेर्तो लोंगी या मोठ्या कलेतिहासकाराने १९३४ मध्ये बोलोन्या विद्यापीठातल्या आपल्या पहिल्या व्याख्यानात शहराच्या चित्रपरंपरेचा शेवट मोरांदीच्या नावाने केला, तेव्हा ऐकणाऱ्या पुष्कळांना नवल वाटलं असणार. म्हणजे समीक्षकांचा वाटा आहेच. पण ब्रश हातात धरणाऱ्यांमध्ये त्याला मानणारे जास्त आहेत, आणि तेही अगदी वेगळ्या जातकुळीचे. केक आणि पेस्ट्रीची झगझगीत चित्रं रंगवणारा अमेरिकन चित्रकार वेन थिबो त्याचा मोठा चाहता होता. का ते मला कळतं: कामाच्या टेबलावर अडकलेल्या माणसाला मोरांदी हमखास मदत करतो.

आता बोलोन्याचं. जा, नक्की जा. पण घाई नको, आणि क्रम सांभाळा.

मोरांदीचं म्युझियम १९९३ मध्ये उघडलं, त्याच्या धाकट्या बहिणीने, मारिया तेरेसाने, शहराला दिलेल्या चित्रांमुळे. आधी ते मुख्य चौकातल्या पलात्सो दाक्कुर्सियोमध्ये होतं, २०१२ पासून ते ‘माम्बो’ या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या इमारतीत आहे. व्हिया फोंदात्सावरचं ३६ क्रमांकाचं घर २००९ पासून बघता येतं. त्या घरात त्याची खोली, टेबलं आणि त्या बाटल्या-डबे आहेत. मी आधी म्युझियम आणि मग घर असं सुचवते. घर आधी पाहिलं की म्युझियममध्ये गेल्यावर “ती बघ, तीच बाटली!” हा ओळख पटवण्याचा खेळ सुरू होतो, आणि वर सांगितलेलं सगळं बाजूला राहतं. माझ्या ओळखीचे काही चित्रकार नेमकं उलट सांगतात: आधी वस्तू किती क्षुल्लक आहेत ते बघा, म्हणजे चित्रात त्यांचं काय झालं ते कळेल. त्यांचंही खोटं नाही. तुमचा स्वभाव वस्तूंमध्ये रमणारा असेल तर माझंच ऐका.

दोन्हींच्या मध्ये जेवून घ्या आणि कमानींखालून पायी चाला. बोलोन्याच्या भिंतींचे ते विटकरी, गेरू, फिके गुलाबी, धुळकट पिवळे रंग डोळ्यांत भरून घ्या. चित्रातला प्रत्येक करडा कुठल्यातरी भिंतीवरून आलाय असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या पॅलेटच्या कल्पनेला धक्का बसेल. व्हिया फोंदात्साच्या घरी त्याच्या खोलीची खिडकी आतल्या अंगणाकडे उघडते. ते अंगणही त्याने कितीदा तरी रंगवलंय, तेव्हा खिडकीपाशी जरूर थांबा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर दोन पर्याय. ग्रित्साना डोंगरात आहे, गावाला आता ग्रित्साना मोरांदी असंच म्हणतात, आणि तिथे त्याचं उन्हाळ्याचं घर आहे. पण ते रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका, आधी विचारा. मला विचाराल तर पार्माजवळ मामियानोला जा. तिथे लुइजी मान्यानी या संगीतप्रेमी संग्राहकाचा वाडा आहे आणि आत मोरांदीचा सुरेख संग्रह. १९४१ चं वाद्यांचं चित्र तिथेच आहे. मान्यानीला आपल्याकडच्या जुन्या मौल्यवान वाद्यांचं चित्र हवं होतं. मोरांदीने ती नक्षीदार वाद्यं बाजूला ठेवली आणि स्वतः मिळवलेली साधी, स्वस्तातली वाद्यं रंगवली. नकार उद्धटपणाचा नव्हता. नक्षी आणि किंमत या दोन गोष्टी चमकीसारख्याच मोठ्याने बोलतात, त्यांच्याशी त्याला जमवताच आलं नसतं.

आणि हे सगळं जमेपर्यंत तुमच्या मिलानमध्येच म्युझियो देल नोवेचेन्तोमध्ये मोरांदी आहे, ब्रेराच्या संग्रहातही आहे. एखाद्या मधल्या वारी, गर्दी नसताना जा. फक्त एक चित्र निवडा. छोटी वही आणि पेन्सिल न्या. पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही. बाटल्या काढू नका, बाटल्यांमधल्या फटी काढा, आणि फट जिथे संपते तिथे बाण करा. चित्र वाईट येईल, त्याची काळजी करू नका, ते कुणाला दाखवायचं नाही.

शेवटचा प्रश्न कॅटलॉगचा होता. घ्या, पण रंगांसाठी नको. मोरांदीच्या जवळजवळ सगळ्या स्थिरचित्रांचं नाव एकच, ‘नातुरा मोर्ता’ (म्हणजे नुसतंच ‘स्थिरचित्र’), त्यामुळे नावावरून चित्र पुन्हा सापडत नाही. लांबेर्तो व्हितालीने १९७७ मध्ये त्याच्या तैलचित्रांची संपूर्ण सूची केली, तेराशेहून जास्त चित्रांची, आणि अभ्यासक तिथले क्रमांक वापरतात. कॅटलॉगमध्ये चित्राखाली व्हितालीचा क्रमांक दिलेला असतो. ज्या चित्रासमोर थांबाल त्याचं साल आणि हा क्रमांक वहीत लिहून ठेवा, म्हणजे त्याच मांडणीचं भावंड दुसऱ्या शहरातल्या म्युझियममध्ये भेटलं तर ओळखता येईल.